दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन आणि एक कोन

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुसेल्सच्या परिसरात राहणाऱ्या यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या वैद्याने एक चिकाटीचा प्रयोग केला. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्याने मोठ्या कुंडीत भरली, तीत पाच पौंड वजनाचं वाळुंजाचं रोप लावलं आणि धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेला पत्रा बसवला. पाच वर्षं त्या रोपाला पावसाचं नाहीतर ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेलं पाणी मिळालं, दुसरं काही नाही. मग त्याने झाड उपटून तोललं. ते १६९ पौंड आणि सुमारे तीन औंस भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी घटली होती. फान हेल्मोंटला शंका उरली नाही: लाकूड, साल, मुळं असं १६४ पौंडांचं सगळं वजन निव्वळ पाण्यातून आलं होतं.

हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून आलेल्या ग्रंथातून जगाला कळला. निष्कर्ष चुकीचा होता, कारण झाड आपला कार्बन हवेतून घेतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तोलण्यात कसूर नव्हती आणि तर्कही सरळ होता. अडचण होती ती पाण्याविषयीच्या समजुतीत. पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी ही ॲरिस्टॉटलची चार मूलतत्त्वं युरोपात दोन हजार वर्षं प्रमाण मानली गेली होती. आपल्याकडच्या पंचमहाभूतांतही आप आहेच. पाणी हे मूलतत्त्वच असेल, तर ते रूप पालटून माती किंवा लाकूड होऊ शकतं, असं मानायला कुणाचीच हरकत नव्हती. सजीव कशाचे बनतात हा प्रश्न अशा रीतीने एका आधीच्या प्रश्नापाशी येऊन अडला: मुळात पाणी काय आहे?

आज जीवशास्त्राचा अभ्यास सुरू करणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच काही तासिकांत उत्तर मिळतं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, रेणू वाकडा असतो, त्याच्या एका बाजूला थोडा ऋण प्रभार असतो आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन. हे पाठ करायला अर्धा तास पुरतो. उलगडायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले होते. पाणी कशाचं बनलं आहे? त्यात कशाचे किती अणू आहेत? आणि ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत? पहिल्याचं उत्तर तराजूने दिलं, दुसऱ्याचं वायूंच्या आकारमानाने, तिसऱ्याचं इलेक्ट्रॉनने. जीवशास्त्राचं दार उघडलं ते तिसऱ्या उत्तराने. पण पहिली दोन उत्तरं हाती नसती तर तिसरा प्रश्न नीट विचारताही आला नसता.

पाण्याची माती होते का?

पहिला घाव घातला पॅरिसच्या आंत्वान लॅव्हाझिएने. शुद्ध पाणी काचेच्या भांड्यात पुन्हा पुन्हा उकळलं की तळाशी पांढरट गाळ साचतो, हे रसायनवाद्यांना माहीत होतं आणि पाण्याची माती होते याचा तो पुरावाच मानला जाई. लॅव्हाझिएने चंबूसारखं एक खास भांडं घेतलं. त्यात वर गेलेली वाफ निवून नळ्यांतून पुन्हा खाली येई आणि बाहेर काहीच जात नसे. ते भांडं, आतलं पाणी आणि दोन्ही मिळून होणारं वजन त्याने काळजीपूर्वक नोंदवलं. १७६८ च्या ऑक्टोबरात त्याने भांडं मंद आचेवर ठेवलं आणि १०१ दिवस ते तापत राहिलं.

फेब्रुवारीत त्याने सगळं पुन्हा तोललं. एकूण वजन तेच होतं. गाळ तयार झाला होता खरा, पण पाण्याचं वजन घटलं नव्हतं. घटलं होतं ते काचेच्या भांड्याचं, आणि ती घट गाळाच्या वजनाशी जवळजवळ जुळत होती. तापत्या पाण्याने काच विरघळवली होती, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याची माती होत नाही. मात्र पाणी मूलतत्त्व आहे की नाही, हा मोठा प्रश्न या प्रयोगाने सुटला नाही. त्यासाठी आधी वायू ओळखायला हवे होते.

नळीतलं दव

ते काम इंग्लंडमध्ये चाललं होतं. जस्त किंवा लोखंडावर आम्ल ओतलं की एक अतिशय हलकी, भुरकन पेटणारी ‘हवा’ सुटते. लंडनचा हेन्री कॅव्हेंडिश याने १७६६ साली तिचे गुणधर्म मोजून मांडले. जोसेफ प्रीस्टली याने १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगातून सूर्यकिरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले आणि त्यातून निघणाऱ्या हवेत मेणबत्ती प्रखर तेजाने जळते हे पाहिलं. स्वीडनच्या शीलेलाही ही हवा स्वतंत्रपणे सापडली होती. पहिल्या हवेला आपण आज हायड्रोजन म्हणतो, दुसरीला ऑक्सिजन.

पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर एक जुना सिद्धांत होता. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य असतं आणि जळताना ते बाहेर पडतं, असं जर्मन वैद्य श्टाल याने मांडलं होतं आणि त्या काळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ ते मानत. १७८१ साली प्रीस्टली आणि त्याचा सहकारी वॉल्टायर यांनी बंद भांड्यात ज्वालाग्राही हवा आणि साधी हवा यांच्या मिश्रणात ठिणगी पाडली. स्फोट झाला आणि भांड्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं. त्यांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

कॅव्हेंडिशने दिलं. हा माणूस अत्यंत श्रीमंत आणि कमालीचा बुजरा होता. घरातल्या मोलकरणींशीही तो चिठ्ठ्या लिहून बोलत असे. मोजमापात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने आठ फूट लांब आणि पाऊण इंच रुंद काचेची नळी घेतली. एका टोकाशी ज्वालाग्राही हवा आणि तिच्या अडीचपट साधी हवा अशा बेताने सोडली की आतली ज्योत सावकाश जळत राहावी, आणि जळून झालेली वाफ नळीभर निवत जावी. नळीत १३५ ग्रेनहून, म्हणजे सुमारे पावणेनऊ ग्रॅमहून, थोडा जास्त द्रव गोळा झाला. त्याला ना चव होती ना वास, आणि आटवल्यावर मागे काहीच उरलं नाही. ते शुद्ध पाणी होतं. पुढे साध्या हवेऐवजी प्रीस्टलीची हवा वापरल्यावर हिशेब आणखी स्पष्ट झाला: तिच्या एका मापाला ज्वालाग्राही हवेची जवळजवळ बरोबर दोन मापं लागत होती.

दोन वायू जाळून पाणी मिळवणारा हा माणूस तरीही पाण्याला संयुग म्हणाला नाही. पाणी दोन्ही हवांमध्ये आधीपासून होतं, एकीत फ्लॉजिस्टन जास्त आणि दुसरीत कमी, आणि जळताना ते नुसतं मोकळं झालं, असा अर्थ त्याने लावला. इतका अचूक प्रयोग आणि त्याचा इतका जुना अर्थ हे एकाच माणसाच्या वहीत शेजारी शेजारी नांदत होते.

पॅरिसमधली बंदुकीची नळी

जून १७८३ मध्ये कॅव्हेंडिशचा सहकारी चार्ल्स ब्लॅग्डन पॅरिसला गेला आणि त्याने ही हकीकत लॅव्हाझिएला सांगितली. लॅव्हाझिए एव्हाना फ्लॉजिस्टनच्या मुळावर उठला होता. जळणं म्हणजे हवेतल्या एका घटकाशी जोडलं जाणं, अशी त्याची मांडणी होती. पण ज्वालाग्राही हवा जळून काय बनतं हे त्याला सापडत नव्हतं. ब्लॅग्डनच्या तोंडून उत्तर ऐकताच त्याने २४ जूनला गणितज्ञ लाप्लासला बरोबर घेऊन ब्लॅग्डनसमोरच प्रयोग केला आणि दुसऱ्या दिवशी अकादमीत निष्कर्ष सांगितला: पाणी मूलतत्त्व नाही, ते दोन वायूंचं संयुग आहे. कॅव्हेंडिशचं ऋण त्याने मोकळेपणी मान्य केलं नाही, आणि ब्लॅग्डनने पुढे जाहीरपणे तशी तक्रार केली. वाफेच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटनेही त्याच वर्षी अशीच कल्पना पत्रातून मांडली होती. शोध कुणाचा यावर मग कित्येक वर्षं वाद झाला. पण जोडून दाखवण्याबरोबर फोडूनही दाखवायचं, म्हणजे शंकेला जागा उरत नाही, हे ओळखलं ते लॅव्हाझिएनेच.

फोडण्याचं निमित्त मात्र आकाशातून आलं. २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्लने हायड्रोजन भरलेला फुगा पॅरिसवरून उडवला आणि सारं शहर फुग्यांच्या नादी लागलं. लोखंडावर गंधकाम्ल ओतून हायड्रोजन काढणं खर्चाचं होतं. तो स्वस्तात आणि भरपूर कसा मिळेल, हे पाहण्याचं काम लॅव्हाझिए आणि लष्करी अभियंता मेनिए यांच्याकडे आलं. त्यांनी बंदुकीची लोखंडी नळी भट्टीतून तिरकी आरपार बसवली, ती लालबुंद तापवली आणि वरच्या टोकातून थेंब थेंब पाणी सोडलं. खालच्या टोकातून हायड्रोजन बाहेर पडला. थंड झाल्यावर नळी तोलली, तर ती जड झाली होती, कारण पाण्यातला ऑक्सिजन तिच्या लोखंडाने धरून ठेवला होता.

१७८५ च्या फेब्रुवारीअखेर पॅरिसच्या शस्त्रागारातल्या प्रयोगशाळेत हे सगळं निमंत्रित विद्वानांसमोर मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं गेलं. आधी पाणी फोडलं, मग तेच वायू ठिणगीने जोडून पुन्हा पाणी केलं, आणि प्रत्येक पायरीवर वजनं नोंदवली. पाण्यात वजनाने ८५ भाग ऑक्सिजन आणि १५ भाग हायड्रोजन, असा लॅव्हाझिएचा आकडा आला. आजचा आकडा सुमारे ८९ आणि ११ असा आहे. १७८९ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात ३३ मूलद्रव्यांची यादी आली आणि तीत पाणी नव्हतं. त्या पुस्तकातल्या उपकरणांच्या आकृत्या त्याची पत्नी मारी-आन हिने काढल्या होत्या. करवसुलीच्या कंपनीतला भागीदार म्हणून लॅव्हाझिएला क्रांतिकाळात ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवण्यात आलं. तोवर पहिल्या प्रश्नाचा निकाल लागलेला होता.

सहा वर्षांनी त्यावर शिक्कामोर्तब झालं. इटलीच्या व्होल्टाने १८०० च्या मार्चमध्ये आपल्या विद्युतघटाची माहिती लंडनला कळवली. ती छापून येण्याआधीच विल्यम निकल्सन आणि शल्यवैद्य अँथनी कार्लाइल यांनी चांदीची १७ नाणी, जस्ताच्या चकत्या आणि ओला पुठ्ठा रचून तसा घट बनवला. तारेची जोडणी नीट व्हावी म्हणून त्यांनी सांध्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तारेभोवती बुडबुडे दिसले. त्यांनी २ मे रोजी पाण्याने भरलेल्या नळीत दोन तारा बुडवल्या. एकीपाशी हायड्रोजन जमा झाला, दुसरीपाशी ऑक्सिजन, आकारमानाने जवळपास दोनास एक. अणूंना जोडून ठेवणारं बळ विजेशी निगडित असावं, ही शंका तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञांच्या मनात घर करून राहिली.

किती अणू?

१८०८ साली मँचेस्टरचा शाळामास्तर जॉन डाल्टन याने आपला अणुसिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे असतात आणि संयुगांत ते ठरावीक संख्येने जोडले जातात, ही कल्पना फार मोलाची होती. पण संख्या ठरवायची कशी? एका पाण्यात हायड्रोजन किती आणि ऑक्सिजन किती, हे वजनावरून कळत नाही. डाल्टनने सोपा नियम धरला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर त्यात दोघांचा एकेक अणू मानावा. म्हणून त्याच्या लेखी पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. हायड्रोजनचं वजन एक धरलं तर ऑक्सिजनचं सात, असा त्याचा हिशेब. मापं सुधारल्यावर ते आठ झालं असतं, पण मुळात हायड्रोजन दोन असतील तर ते सोळा व्हायला हवं. एका सूत्रातल्या चुकीने साऱ्या अणुभारांचं कोष्टक अर्ध्यावर येत होतं.

उत्तर वायूंच्या मापात होतं. फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने दाखवलं की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी प्रमाणात जुळतात. हायड्रोजनची दोन मापं आणि ऑक्सिजनचं एक माप मिळून वाफेची दोन मापं होतात. १८११ साली तुरीनजवळच्या व्हेर्चेलीत शिकवणाऱ्या आमेदेओ अव्होगाद्रोने यातून थेट अनुमान काढलं. तापमान आणि दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात कणांची संख्या सारखीच असते. मग ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण होतात, म्हणजे ऑक्सिजनचा कण दुभंगला पाहिजे. अणू तर दुभंगत नाही. तेव्हा ऑक्सिजन वायूचा कण हा दोन अणूंचा रेणू असला पाहिजे. अणू आणि रेणू यांतला भेद इथे पहिल्यांदा नीट पुढे आला.

पण तो पन्नास वर्षं अडगळीत पडला. डाल्टनला गे-ल्युसॅकची मापंच पटत नव्हती. त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ, स्वीडनचा बर्झेलियस, अणू विरुद्ध विद्युतप्रभारांमुळे जोडले जातात असं मानत असे. मग ऑक्सिजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना कसे धरून ठेवतील, असा त्याचा आक्षेप. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर देण्याची साधनं एकोणिसाव्या शतकाकडे नव्हती. परिणाम असा झाला की जो तो आपापल्या सोयीने अणुभार वापरू लागला. ऑगस्ट केकुलेच्या १८६१ च्या पाठ्यपुस्तकात साध्या ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, त्या वेळी चालू असलेली १९ वेगवेगळी सूत्रं दिली आहेत.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० पासून तीन दिवस जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे रसायनशास्त्रज्ञांची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सिसिलीच्या १८४८ च्या उठावात भाग घेतलेला आणि आता जेनोआत शिकवणारा स्तानिस्लाओ कान्निझ्झारो तिथे तळमळीने बोलला. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात त्याने अव्होगाद्रोचं गृहीतक वापरून एकामागून एक मूलद्रव्यांचे अणुभार सुसंगतपणे काढून दाखवले होते. परिषदेत निर्णय झाला नाही, आणि विज्ञानाचे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत असंही म्हटलं गेलं. पण निघताना त्याचा मित्र पावेझी याने त्या अभ्यासक्रमाची पुस्तिका सगळ्यांना वाटली. लोथार मायरने ती वाचली आणि त्याचं मत पालटलं. २६ वर्षांचा मेंडेलेव्हही या परिषदेला हजर होता. याच अणुभारांच्या पायावर त्याने १८६९ मध्ये आवर्तसारणी उभी केली. अव्होगाद्रो १८५६ सालीच वारला होता, आपली कल्पना मान्य झालेली त्याला पाहायला मिळाली नाही. पाण्याचं सूत्र मात्र आता पक्कं झालं: एच-टू-ओ.

कसे जोडलेले?

अणू किती हे कळलं, पण ते एकमेकांना धरून का ठेवतात हे कोडंच होतं. सूत्रांत अणूंमध्ये रेघ काढायची पद्धत रूढ झाली, मात्र ती रेघ नेमकी कशाची, हे सांगता येत नव्हतं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला आणि १९११ मध्ये रदरफर्डने अणुकेंद्रक दाखवलं, तेव्हा अणूच्या आत डोकावायची सोय झाली.

बंधाचा अर्थ लावला तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गिल्बर्ट न्यूटन लुईसने. १९१६ च्या निबंधात त्याने मांडलं की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात आणि ती जोडी म्हणजेच बंध. बहुतेक अणूंचा कल बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पुरे करण्याकडे असतो, हायड्रोजनला दोन पुरतात. त्याच वर्षी जर्मनीत कोसेलने दुसरी तऱ्हा स्पष्ट केली: मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो आणि दोन विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. बर्झेलियसच्या आक्षेपाला आता उत्तर मिळालं. ऑक्सिजनचे दोन सारखे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेले राहू शकतात.

पाण्यापुरतं हे चित्र पाहण्यासारखं आहे. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला एकेक दोन हायड्रोजनांशी जुळतो, आणि दोन जोड्या ऑक्सिजनपाशी एकट्या उरतात. चारही जोड्या ऋण प्रभाराच्या, त्यामुळे त्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर सरकतात. म्हणून रेणू सरळ राहत नाही. दोन हायड्रोजनांमध्ये सुमारे १०४.५ अंशांचा कोन होतो. शिवाय ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना छेदली असती. तो वाकडा असल्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन.

याचा परिणाम शेजारच्या रेणूंवर काय होतो, हे लुईसच्याच प्रयोगशाळेतल्या तरुणांच्या ध्यानात आलं. मॉरिस हगिन्स या विद्यार्थ्याने अशी कल्पना मांडली, आणि १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी ती पाण्याला लावून प्रसिद्ध केली. एका रेणूतला हायड्रोजन दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या एकट्या जोडीकडे ओढला जातो आणि दोघांमध्ये दुबळा बंध तयार होतो. हा हायड्रोजन बंध नेहमीच्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतकाच बळकट असतो. पण पाण्याचा एक रेणू असे चार बंध करू शकतो, आणि त्यातून पाण्याचं सगळं विक्षिप्त वागणं उलगडतं. ऑक्सिजनच्याच गटातल्या गंधकाचं तसंच संयुग, हायड्रोजन सल्फाइड, उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतं. पाण्याचा रेणू त्याहून हलका, म्हणून तो त्याहूनही खाली उकळायला हवा. प्रत्यक्षात पाणी १०० अंशांना उकळतं, कारण रेणू एकमेकांना सोडायला तयार नसतात.

द्रव पाण्याची आतली रचना मांडली ती केंब्रिजच्या बर्नाल आणि फाउलर यांनी, १९३३ मध्ये. आदल्या वर्षी मॉस्कोच्या विमानतळावर दाट धुक्याने दोघे अडकून पडले आणि धुक्यावरून पाण्यावर गेलेल्या गप्पांतून त्या निबंधाची सुरुवात झाली. बर्फात प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी ठरावीक दिशांना असतात. रचना पोकळ राहते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि तळ्याच्या तळाशी मासे जगतात. द्रव पाण्यात हीच मांडणी सैलसर आणि अखंड बदलती असते. टिपऱ्यांच्या खेळात जोडीदार क्षणोक्षणी बदलतो, पण खेळ थांबत नाही, तसे हे बंध तुटतात आणि लगेच नव्या शेजाऱ्याशी जुळतात.

रसायनातून सजीवांकडे

हायड्रोजन बंध दुबळा आहे पण दिशा धरून असतो, हे जीवशास्त्राच्या फार उपयोगाचं आहे, हे लायनस पॉलिंगने कॅलिफोर्नियात बसून ओळखलं. १९३६ मध्ये मिर्स्कीबरोबर त्याने मांडलं की प्रथिनांची घडी हायड्रोजन बंधांनी धरलेली असते. तापवल्यावर प्रथिनं आपला आकार आणि काम गमावतात ती हे बंध सुटल्यामुळे. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडून असताना त्याने प्रथिनाची साखळी कागदावर काढली आणि कागद दुमडत बंध कुठे जुळतात ते पाहिलं. १९५१ साली अल्फा-हेलिक्स ही प्रथिनांतली मळसूत्री रचना जाहीर झाली.

यानंतर डीएनएची पाळी होती, आणि त्या कथेत पाण्याने निर्णायक भूमिका बजावली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन डीएनएच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडून छायाचित्रं घेत होती. धाग्याभोवतीच्या हवेची आर्द्रता काटेकोरपणे कमी-जास्त करून तिने दाखवलं की पाणी शोषल्यावर डीएनए लांबतो आणि त्याची रचना बदलते. पाणी सहज आत-बाहेर करतं, म्हणजे प्रभारित फॉस्फेटचे गट साखळीच्या बाहेरच्या अंगाला असले पाहिजेत. नोव्हेंबर १९५१ मधलं तिचं व्याख्यान केंब्रिजच्या जेम्स वॉटसनने ऐकलं, पण पाण्याचं प्रमाण त्याच्या नीट लक्षात राहिलं नाही. त्याने आणि फ्रान्सिस क्रिकने घाईने तीन साखळ्यांचा नमुना उभारला. त्यात पाणी फारच थोडं होतं आणि फॉस्फेट आतल्या बाजूला. फ्रँकलिनने केंब्रिजला येऊन एका नजरेत तो चुकीचा ठरवला.

सव्वा वर्षाने पॉलिंगही तिथेच घसरला. त्यानेही फॉस्फेट आत ठेवले आणि ते हायड्रोजन धरून प्रभारहीन राहतात असं मानलं. पेशीतल्या पाण्यात ते तसे राहूच शकत नाहीत. बंधांचा सर्वांत मोठा जाणकार रसायनाच्या प्राथमिक धड्यात चुकला. अखेर वॉटसन आणि क्रिक यांच्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनोह्यूने पाठ्यपुस्तकांतली एक चूक दाखवून दिली. डीएनएतल्या ‘बेस’ नावाच्या घटकांमध्ये हायड्रोजनचे अणू छापलेल्या आकृत्यांपेक्षा वेगळ्या जागी असतात. ती जागा सुधारताच ॲडेनिन थायमिनशी आणि ग्वानिन सायटोसिनशी हायड्रोजन बंधांनी बेमालूम जुळलं. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये दुहेरी मळसूत्र छापून आलं. ज्या प्रयोगशाळेत ते घडलं, तिला हेन्री कॅव्हेंडिशच्याच घराण्याचं नाव आहे.

फान हेल्मोंटच्या कुंडीतल्या प्रश्नाचाही याच काळात निवाडा झाला. १९४१ मध्ये बर्कलीच्या रूबेन आणि केमेन यांनी हिरव्या शैवालाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी देऊन दाखवलं की प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो. लाकडाचा कार्बन हवेचा, पण त्यातला हायड्रोजन पाण्याचा. लॅव्हाझिएने लालबुंद लोखंडाने जे केलं, ते पान सूर्यप्रकाशात रोज करतं.

या इतिहासाचं फलित काय?

एक दुरुस्ती आधी नोंदवायला हवी. प्रथिनांची घडी फक्त हायड्रोजन बंधांनी टिकते, हे पॉलिंगचं मत पुढे अपुरं ठरलं. पाण्याचे रेणूही प्रथिनांशी तसेच बंध करतात, मग घडी होण्यात फायदा तो काय? १९५९ मध्ये वॉल्टर कॉझमनने उत्तर दिलं: साखळीतले तेलकट भाग पाण्याच्या जाळ्यात बसत नाहीत, म्हणून ते आत दडतात आणि साखळी स्वतःभोवती गुंडाळली जाते. पेशीचं आवरण बनतं तेही याच कारणाने. लायडनच्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्येच त्या आवरणात मेदरेणूंचे दोन थर असल्याचं मांडलं होतं. पाण्याशी सख्य असलेली डोकी बाहेर आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत. म्हणजे पाणी पेशीतली नुसती जागा भरत नाही, पेशीला आकार देण्याचं कामही तेच करतं.

दुसरी गोष्ट बंधांच्या दोन प्रकारांची. बळकट सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवणारे बंध, डीएनएची प्रत्येक साखळी पिढ्यान्‌पिढ्या अखंड ठेवतात. दोन साखळ्या एकत्र धरणारे हायड्रोजन बंध मात्र दुबळे असतात. पेशी विभागताना त्या सोडवाव्या लागतात, आणि शरीराच्या तापमानाला विकरांच्या मदतीने त्या सुटतात. हे बंधही तितकेच बळकट असते तर नक्कल काढताच आली नसती. बळकट बंध माहिती टिकवतात आणि दुबळे बंध ती वापरू देतात. सजीवांना दोन्ही लागतात.

म्हणूनच जीवशास्त्राच्या वर्गात अणू, बंध आणि पाणी यांना पहिलं स्थान आहे, आणि ते घाईने उरकण्याजोगं प्रकरण नाही. त्यातल्या प्रत्येक विधानामागे कुणीतरी केलेलं मोजमाप आहे. कॅव्हेंडिशच्या दोनास एक या मापाला अर्थ मिळायला अव्होगाद्रो लागला, अव्होगाद्रोला मान्यता मिळायला कान्निझ्झारो लागला, आणि सूत्रातल्या रेघेचा अर्थ लुईसने लावल्यावरच पेशीकडे रसायनाच्या नजरेने पाहता आलं. डीएनएच्या शर्यतीत दिग्गज अडखळले ते पाणी आणि प्रभार यांचा हिशेब चुकल्यामुळे, आणि फ्रँकलिनची दिशा बरोबर राहिली ती हा हिशेब पक्का असल्यामुळे. नव्या विद्यार्थ्याने पहिल्या धड्यातून न्यायची गोष्ट हीच: पेशीतल्या कुठल्याही रेणूचा विचार करताना आधी विचारावं, त्याचा प्रभार कुठे आहे आणि पाणी त्याच्याशी कसं वागेल.